पॉइंट एकवीस

“आज नळी खरी घाल,” बाबालाल म्हणाला.

मी ओम्नीच्या मागच्या दारात पाय सोडून भाजलेल्या शेंगा खात बसलो होतो. त्यानं बुलेट माझ्या पुढ्यात आणून उभी केली आणि फडक्याला हात पुसत माझ्याकडं बघत राहिला.

“म्हंजे? रोज काय खोटी घालतो व्हय मी?”

ओम्नीच्या सावलीला माझी करड्या रंगाची स्कूटर उभी होती आणि तिच्या सायलेन्सरमध्ये माझ्या मशीनची नळी घातलेली होती. तिच्याकडं त्यानं एकदा बघितलं आणि हसला. मलाही हसू आलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तसं आमचं होतं.

पळसखिंड हे खानापूरच्या माळावरचं बाजाराचं गाव. तिथं माझं पीयूसीचं केंद्र होतं. केंद्र म्हणजे जुनी ओम्नी, तिच्यात कॉम्प्युटर, प्रिंटर आणि धूर मोजायचं मशीन. गाडी आली की तिच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायची, इंजिन चालू ठेवायचं, मशीन धुरातल्या विषारी वायूचा आकडा दाखवतं, मग नंबरप्लेटचा फोटो काढायचा आणि कागद छापायचा. नियम असा. पण नियमानं गेलो असतो तर गावातल्या निम्म्या गाड्या नापास झाल्या असत्या आणि मालक शिव्या घालत दुसऱ्या तालुक्याला गेले असते. म्हणून मी सोपी वाट काढली होती. माझी स्कूटर बाबालालनं अशी काही लावून दिली होती की तिचा आकडा कायम पॉइंट एकवीस यायचा. एकदम स्वच्छ. नळी तिच्यातच ठेवायची. कुणीही आलं की त्याच्या नंबरप्लेटचा फोटो काढायचा, माझ्या स्कूटरचा स्टार्टर दाबायचा आणि कागद त्याच्या हातात द्यायचा. सबंध तालुक्याच्या गाड्या माझ्या स्कूटरच्या नाकानं श्वास घेत होत्या. हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात काही वाईट आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही.

बाबालाल मुलाणीचं गॅरेज माझ्या ओम्नीला लागूनच. पत्र्याचा एक गाळा आणि पुढं शटर. मागं खिडकी नाही. आम्ही वीस वर्षं एकमेकांच्या शेजारी बसलो होतो आणि एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं होतं. सायलेन्सरच्या कामात त्याचा हात धरणारा चार तालुक्यांत कुणी नव्हता. पोरं लांबून यायची, कंपनीचा सायलेन्सर काढून टाकायची आणि त्याच्याकडनं पुंगळी बसवून घ्यायची. त्या आवाजानं दुकानांच्या काचा थरथरायच्या. मी त्याला म्हणायचो, “बाबालाल, एक दिवस हे अंगावर येणार.” तो म्हणायचा, “माझं काम लोखंड वाकवायचं. आवाज त्येंचा.”

त्या जूनमध्ये ते अंगावर आलं. पोलिसांनी बाजारपटांगणात जप्त केलेल्या सायलेन्सरांचा ढीग घातला आणि त्यावरनं रोलर फिरवला. सगळा गाव बघायला आला होता. बाबालाल माझ्या शेजारी उभा होता. ढिगातले निम्मे त्याच्याच हातचे. एकेक चपटा होत होता आणि तो हळू आवाजात सांगत होता, “ह्यो पवाराचा. ह्यो वाळव्याच्या पोराचा, ह्येला दोन दिस गेलते माझे.” शेवटी फौजदारांनी माइक हातात घेतला. गाडीवाल्यांएवढेच हे बसवून देणारे दोषी आहेत, म्हणाले, आणि तीन मेकॅनिकांची नावं वाचली. पहिलंच नाव होतं बाबालाल इमाम मुलाणी.

लोकांनी माना वळवून त्याच्याकडं बघितलं. त्याचे वडील चाळीस वर्षं मशिदीत बांग देत होते. त्या घराचं नाव माइकवर घेतलं गेलं ते असं.

दोन दिवसांनी हवालदार जगताप गॅरेजवर आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाबालालला सांगितलं, “ज्या लवटेच्या गाडीवरनं तुझं नाव आलं ना, तीच गाडी कायद्यात बसवून आण. कंपनीचा सायलेन्सर, पीयूसी, सगळं रीतसर. गुरुवारी चार वाजता साहेबांपुढं तू स्वतः उभी कर. तुझं नाव यादीतनं खोडायचं माझ्याकडं लागलं.”

लवटे सीमेवरचा जवान. सुट्टी संपली तसा तो निघून गेला आणि बुलेट बाबालालकडं ठेवून गेला. बाबालालनं सगळी कामं बाजूला सारली. नवा सायलेन्सर महिनाभर मिळणार नव्हता, म्हणून जुन्या बाजारातनं कंपनीचाच वापरलेला शोधून आणला. त्यावर कंपनीचा शिक्का होता, सांधा शाबूत होता, दिसायला नवरदेव. पुंगळीसाठी पूर्वी त्यानं कार्बुरेटरमध्ये जो बदल केला होता तोही काढून पहिल्यासारखं केलं. आता हाच धंदा करायचा, तो म्हणत होता. शिक्क्याचेच सायलेन्सर बसवायचे, गंज काढायचा, गळती काढायची, गॅस्केट बदलायची. पेंटरला पाटीही सांगून आला होता. बावन्न वर्षांचा माणूस, पण त्या आठ दिवसांत शाळेत नाव घातल्यासारखा उत्साहात होता.

तर तो गुरुवार. दुपारचे पाऊण वाजले होते. माळावरचा वारा असा सुटला होता की शेंगांची टरफलं हातातनंच उडून जात होती.

“खरी कशाला पायजे तुला?” मी विचारलं. “कंपनीचा माल हाय. पॉइंट एकवीस लिहिलेला कागद देतो, साहेबापुढं ठेव, झालं.”

“साहेबासाठी न्हवं, माझ्यासाठी.” तो गाडीपाशी उकिडवा बसला आणि सायलेन्सरवर टिचकी मारली. “ॲक्सिलेटर सोडला की मधीच फटफट करतोय. दोन कारणं असत्यात. एक तर पेट्रोल ज्यादा जातंय, न्हाईतर इंजिनाच्या जॉइंटातनं हवा खातोय. तुझा आकडा आला की मला कळंल कुटं बघायचं ते. आणि आनखी एक हाय.”

“काय?”

“बसवताना हातात हलका लागला ह्यो. आत जाळी असती बघ, धुरातलं इख जाळून टाकणारी. तिचं वजन असतंय.”

“गंजून हलका झाला आसंल.”

“गंजलेला न्हाई त्यो.” तो माझ्याकडं बघून म्हणाला, “मुरली, आजच्या दिवस घाल की नळी. कायद्यानं करायचं ठरीवलंय तर सगळंच कायद्यानं हू दे.”

आता खरं सांगतो. नळी घालायला पाच मिनिटं लागतात. इंजिन तापलेलं पाहिजे, आकडा स्थिर व्हायला थांबावं लागतं. घरी माझा मेहुणा आला होता, मटण शिजलं होतं, आणि बायकोचा दोनदा फोन येऊन गेला होता. बास, एवढंच. दुसरं काही कारण सांगता आलं असतं तर मी आनंदानं सांगितलं असतं.

“घालतो,” मी म्हणालो. “गाडीचं पुस्तक घेऊन ये आतनं.”

तो गाळ्यात गेला. मी बुलेटच्या नंबरप्लेटचा फोटो काढला आणि स्कूटरचा स्टार्टर दाबला. तो पुस्तक घेऊन बाहेर आला तेव्हा प्रिंटर कागद बाहेर ढकलत होता. बुलेटचं इंजिन चालूच होतं आणि मी नळी हातात धरून उभा होतो, आत्ताच काढल्यासारखी.

त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला. “पॉइंट एकवीस? स्कूटरचाच आकडा की ह्यो.”

मी क्षणभर थबकलो. पण जीभ माझी, ती कशाला थबकतेय. “दोन्हीकडं हात तुझाच,” मी म्हणालो. “दुसरा आकडा यील कुठनं?”

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरलो नाही. लाजला तो. एवढा मोठा माणूस लाजून खाली बघायला लागला. “अंदाजानंच लावला हुता कार्बुरेटर,” तो म्हणाला. “मशीन न्हाई, काय न्हाई. नुसतं कानानं.” मग कागदाची घडी घालून त्यानं वरच्या खिशात ठेवली. “म्हंजे पेट्रोल बराबर जातंय. जाळी बी शाबूत हाय. जॉइंटच गळतोय तर.”

मला तेव्हा बरंच वाटलं. एक खोटा कागद आणि माणूस किती खूश. वर मटणही वेळेवर मिळणार होतं.

मी ओम्नीची दारं लावत होतो तोवर त्यानं बुलेट ढकलत आत घेतली. कोपऱ्यातलं उदबत्तीचं पुडकं काढलं. ही त्याची जुनी रीत होती. जॉइंट कुठं गळतोय ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून इंजिन चालू ठेवायचं आणि उदबत्ती पेटवून जॉइंटभोवती सावकाश फिरवायची. जिथं गळती असेल तिथं धुराची रेघ मोडते. पण त्यासाठी हवा हलता कामा नये. एरवी तो दुपारी वारा पडायची वाट बघायचा. जूनमध्ये आमच्या माळावर वारा पडत नाही. तेव्हा तो पंखा बंद करायचा, शटर खाली ओढायचा आणि शटरच्या फटीत आतनं पोती सारायचा. दोन-चार मिनिटांचं काम असायचं. मी ते शंभरदा बघितलं होतं. स्वच्छ गाडीला त्यानं काही होत नसे. पुंगळीच्या गाड्यांना तो असं कधी करत नसे, कारण त्यांचा धूर डोळ्यांतच शिरायचा.

“जेव की आधी,” मी ओरडलो.

“चारला साहेब हाय. धा मिंटात करतो आन जेवतो. हमीदानं डबा बी दिला न्हाई आज, भांडलीय.” बायकोची तक्रार सांगत तो हसला आणि शटर खाली आलं. खालच्या फटीतनं पोत्याची कड बाहेर डोकावली, मग तीही आत ओढली गेली.

मी घरी गेलो, जेवलो, मेहुण्याशी गप्पा मारल्या आणि पडलो. सव्वातीनला परत आलो तर शटर खालीच होतं. वाटलं, लवकर आटोपून गेला वाटतं ठाण्यावर. मी माझी ओम्नी उघडली. तीन गाड्या आल्या, तिघांनाही माझ्या स्कूटरचा कागद दिला. शटरपासनं माझी खुर्ची दहा फुटांवर होती.

साडेचारला जगतापांचा फोन आला. “मुलाणी कुठाय? साहेब वाट बघून निघाले.”

“आला न्हाई तिकडं?”

“आला असता तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?”

मी उठून शटरपाशी गेलो आणि त्यावर हात ठेवला. पत्रा बारीक थरथरत होता. आत इंजिन चालू होतं. इतका वेळ चालू होतं आणि वाऱ्यात मला ऐकू आलं नव्हतं. महिन्यापूर्वीची हीच गाडी असती, तर बाजारात ऐकू गेली असती.

शटर मी वर लोटलं. पोती घसरली. गरम, जड हवा तोंडावर आली आणि मला ठसका लागला. बाबालाल लाकडी पाटावर बसला होता, खांदा बुलेटच्या टाकीला टेकलेला. चेहरा लाल होता, चांगली झोप लागलेल्या माणसासारखा. पायाशी उदबत्तीची काडी पडली होती. मी त्याला ओढत बाहेर आणलं. रस्त्यावरची माणसं धावली. कुणीतरी पाणी मारलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मनगट धरलं आणि लगेच सोडलं.

संध्याकाळी जगताप माझ्या ओम्नीपाशी आले. त्यांच्या हातात बाबालालच्या खिशातला कागद होता. ते स्कूटरच्या सीटवर बसले. त्याच स्कूटरच्या.

“डॉक्टर म्हणतात धुरानं गेला,” ते म्हणाले. “शटर आतनं खाली ओढलेलं. फटीत पोती कोंबलेली. उदबत्ती लावलेली. तुम्हाला काय वाटतं, शेटे?”

“जॉइंट बघत हुता तो,” मी म्हणालो. “उदबत्ती त्यासाठी लावतात.”

“ते दस्तगीरही म्हणाला, त्याचा मेहुणा. मी पण तेच धरून चाललो होतो. पण मग हे बघा.” त्यांनी कागद पुढं केला. “पॉइंट एकवीस. म्हणजे गाडीच्या धुरात विष जवळजवळ नाहीच. असल्या गाडीपुढं दहा मिनिटं बसून माणूस मरतो का? तासभर बसला असणार. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस. त्याला कळत नसेल?” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “माइकवरनं नाव घेतलं त्याचं. सकाळी घरी भांडणही झालं होतं, बायको रडत सांगत होती. मला वाईट वाटतंय हो. पण दिसतंय ते असं.”

त्यांनी खिशातनं वही काढली.

“गाडी तुम्ही स्वतः तपासली ना? हा आकडा बरोबर आहे?”

एवढ्याच प्रश्नासाठी ते आले होते. मला काय विचारलं जातंय ते मला पूर्ण कळत होतं. हो म्हटलं तर बाबालालनं जीव दिला असं होणार होतं. नाही म्हटलं तर माझं केंद्र बंद, लायसन जप्त, आणि बहुतेक एका माणसाच्या मरणाची केस. माझ्या डोक्यात बाबालाल आलाच नाही. माझी पोरगी आली, तिचं कॉलेज आलं, आणि गावात लोक काय म्हणतील ते आलं.

“हो,” मी म्हणालो. “मीच तपासली.”

त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी सही केली. गाडी पुन्हा तपासा असं कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी तालुक्यात मशीन एकच होतं, माझं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. पोस्टमॉर्टेम होऊन बाबालाल दुपारी घरी आला तोवर बातमी सगळ्या गावात झाली होती. मुलाण्यानं जीव दिला. कब्रस्तानात मी मागं उभा होतो. मौलाना आले, पण जनाज्याची नमाज पढवायला त्यांनी दुसऱ्या माणसाला पुढं केलं. जीव देणं त्यांच्यात मोठं पाप, त्यामुळं का ते कुणाला सांगावं लागलं नाही. जिथं चारशे माणसं यायची तिथं साठ-सत्तर होती. खांदा द्यायची वेळ आली तेव्हा काही जण पायातली चप्पल शोधत रेंगाळले. ज्याच्या बापानं चाळीस वर्षं या लोकांना नमाजला बोलावलं त्याच्यासाठी त्यांना चपला सापडत नव्हत्या. दस्तगीर एकटाच मोठ्यानं रडत होता.

आठवड्यानं लवटेचा भाऊ बुलेट न्यायला आला. ठाण्यातनं सोडवून तो थेट माझ्याकडं आला, कागदाला काही करावं लागतं का विचारायला. मी त्याला चहा प्यायला पाठवलं. मग बुलेट चालू केली आणि स्कूटरमधली नळी काढून तिच्यात घातली. किती महिन्यांनी ती नळी दुसऱ्या गाडीत गेली कुणास ठाऊक. आकडा चढत गेला. एक, तीन, पाच. सहा पॉइंट चारवर थांबला. बाबालालला हलका लागला होता ते खरं होतं. सायलेन्सर फोडून आतली जाळी काढून विकतात आणि वरनं सफाईनं जोड मारतात, हे मला पुढं एका जुन्या बाजारवाल्यानंच सांगितलं. त्या जाळीतल्या धातूला भाव असतो म्हणे. त्यात कार्बुरेटरही अंदाजानं लावलेला. मी त्या दिवशी पाच मिनिटं दिली असती तर हाच आकडा बाबालालनं बघितला असता, शिवी हासडली असती, सायलेन्सर काढून फेकला असता, आणि साहेबांकडं दोन दिवसांची मुदत मागायला गेला असता. त्याऐवजी मी त्याला सांगितलं की गाडी स्वच्छ आहे. आणि माझ्यावर विश्वास ठेवून त्यानं शटर ओढलं.

आकडा मी पुसून टाकला. लवटेच्या भावाला म्हणालो, “हा सायलेन्सर बदल, खराब हाय.” एवढं मात्र मी केलं.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर हमीदाभाभी माझ्या ओम्नीपाशी आली. गॅरेजमधली हत्यारं विकायची होती, गिऱ्हाईक बघा म्हणाली. मी हो म्हटलं. ती तरी थांबली.

“भाऊजी, तुमी दिसभर शेजारी असायचा,” ती म्हणाली. “शेवटी काय बोलले ते? माझ्यावर लई रागावले हुते का?”

“न्हाई भाभी. हसत हुता.”

“हसत?” तिला ते आणखीच लागलं असावं. पदर तोंडाला लावून ती निघून गेली.

मी सांगायला पाहिजे होतं. रोज वाटायचं, उद्या सांगू. पहिल्या वर्षी रोज वाटायचं, मग महिन्यातनं एकदा, मग मशिदीवरनं जाताना. तेव्हापासनं मी नळी मात्र खरी घालायला लागलो. गाड्या नापास व्हायला लागल्या, लोक मला वेडा म्हणायला लागले. मला वाटायचं, ही माझी भरपाई चाललीय. माणूस स्वतःला काय काय पटवतो.

पाच वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात मी केंद्र बंद केलं, मशीन विकून टाकलं आणि एका गुरुवारी सकाळी हमीदाभाभीच्या घरी गेलो. ती दारात शिलाई मशीनवर साडीला फॉल लावत होती. केस पांढरे झाले होते. “या भाऊजी,” म्हणाली आणि सतरंजी सरकवली. आत तिची सून भांडी घासत होती.

मी प्रस्तावना केली नाही. “भाभी, बाबालालनं जीव दिला नव्हता,” म्हणालो.

तिनं पाय थांबवला.

मी सगळं सांगितलं. स्कूटर, नळी, मटण, पॉइंट एकवीस, सहा पॉइंट चार, जगतापांना दिलेली सही. काही गाळलं नाही. सांगताना वाटत होतं, की ती ओरडेल, मारायला उठेल, आणि मला ते हवंही होतं. ती नुसती ऐकत होती. माझं संपलं तेव्हा म्हणाली, “पुन्यांदा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं.

“त्या दिशी सकाळी मी त्यास्नी म्हनले हुते,” ती म्हणाली, “तुमच्या पुंगळ्यापायी तोंड दाखवाय जागा न्हाई ऱ्हायली आमाला. डबा बी दिला न्हाई. पाच वरसं मला वाटतंय, माझ्या त्या बोलन्यानं गेले ते. आन रोज नमाजला बसले की त्यांचाच राग याचा. आमाला टाकून गेला म्हनून. लई वंगाळ बोलले मी त्यास्नी, भाऊजी. मेलेल्या मानसाला. आता त्या शिव्या कुनाकडनं माघारी घिऊ?”



“दस्तगीरला मी सांगतो,” मी म्हणालो. “मशिदीतबी सांगतो, जुम्म्याला, सगळ्यांसमोर.”

“सांगा की.” तिनं फॉलची पट्टी गुळगुळीत केली. “ज्येंनी खांदा दिला न्हाई त्यातले पाच जन वर गेले. त्यास्नी कोन सांगनार?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. सून ऐकत असावी.

“तवाच का न्हाई बोलला?” हमीदाभाभीनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“लायसन गेलं असतं, भाभी. केस झाली असती.”

“किती दिसाचं असतंय ते लायसन?”

“माझं पाच वर्षांचं हुतं. त्याच साली नवं केलं हुतं.”

“म्हंजे आता संपलं आसंल.”

“संपलं,” मी म्हणालो. “गेल्या महिन्यात.”

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या घराच्या पायऱ्या चढताना मला अगदी मनापासनं वाटत होतं की मन खातंय म्हणून मी आलोय. पाच वर्षांत कधी नाही ते आजच का आलो, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

“तरीच,” हमीदाभाभी म्हणाली, आणि हातानं चाक फिरवून तिनं राहिलेली शिवण पुढं चालू केली.